पूर्वग्रह, उपाधी, मूळ प्रमाण: नीट विचार करण्यासाठीचे शब्द नेमके कसे वापरावेत?

अन्वेषक

नमस्कार. आम्ही काही जण मिळून विचारपद्धतीविषयीच्या शब्दांची एक छोटी सूची तयार करत आहोत. पूर्वग्रह, हेत्वाभास, गृहीतक, पुरावा, संभाव्यता, कार्यकारण असे शब्द तिच्यात आहेत. व्याख्या लिहिणे फारसे अवघड गेले नाही. अडचण आली ती वापराची उदाहरणे गोळा करताना. प्रत्यक्ष चर्चांमध्ये हे शब्द कुठे आणि कशासाठी येतात हे पाहू लागल्यावर असे दिसले की बहुतेक वेळा त्यांच्यामागोमाग विचार सुरू होत नाही, तर थांबतो. एक जण आपले मत मांडतो, दुसरा ‘हा तुमचा पूर्वग्रह आहे’ असे म्हणतो, आणि मूळ मुद्दा बाजूला राहून पहिल्याच्या मनाची चिकित्सा सुरू होते. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ (दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही) हे वाक्य तर इतके सर्रास ऐकू येते की ते उच्चारणाऱ्याने समोरची आकडेवारी पाहिली आहे की नाही, हेही कळत नाही.

तरीही हे शब्द टाकून द्यावेत असे मला मुळीच वाटत नाही. विचारातल्या एखाद्या चुकीला नाव मिळाले की ती पुन्हा समोर आल्यावर लवकर ओळखता येते, आणि स्वतःच्या बाबतीतही वेळेवर सावध होता येते. म्हणून विचारतो: अशा शब्दाच्या नोंदीत व्याख्येच्या पलीकडे काय असावे, म्हणजे वाचणारा तो शब्द शिक्का म्हणून न वापरता तपासणीसाठी वापरेल? सर्वसाधारण उपदेशापेक्षा कोणी एखादा शब्द घेऊन तो बारकाईने उलगडून दाखवला तर अधिक उपयोग होईल.

संख्यारेखा

‘पुष्टीकरण-पूर्वग्रह’, म्हणजे आपल्या आधीच्या मताला दुजोरा देणाऱ्या गोष्टींकडेच झुकण्याची प्रवृत्ती, हा एकच शब्द घेतो, कारण तो सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत सैलपणेही.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. सहभागी व्यक्तींना २, ४, ६ अशी तीन संख्यांची मालिका देऊन ती एका नियमात बसते एवढेच सांगितले होते. त्यांनी नव्या मालिका सुचवायच्या, प्रत्येक मालिका नियमात बसते की नाही हे प्रयोगकर्त्याने सांगायचे, आणि खात्री पटल्यावर त्यांनी नियम जाहीर करायचा, अशी रचना होती. अनेकांच्या मनात ‘दोनदोनने वाढणाऱ्या संख्या’ यासारखा नियम लगेच तयार झाला आणि मग ते ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशा, आपल्याच नियमात बसणाऱ्या मालिका सुचवत राहिले. प्रत्येक वेळी होकार मिळत गेला, खात्री वाढत गेली आणि जाहीर केलेला नियम मात्र चुकला, कारण खरा नियम ‘चढत्या क्रमाने कोणत्याही तीन संख्या’ एवढाच होता. १, २, ७ ही मालिका सुचवली असती तर होकार आला असता, आणि त्याच होकाराने मनातला नियम मोडून पडला असता.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो आणि माझ्या मते नोंदीसाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा यांनी १९८७ मध्ये असे दाखवून दिले की आपल्या गृहीतकात बसणारी उदाहरणे तपासणे ही मुळात चुकीची पद्धत नाही. ती कधी उपयोगी पडते आणि कधी फसवते हे खरा नियम आपल्या गृहीतकापेक्षा अरुंद आहे की रुंद, यावर अवलंबून असते. समजा खरा नियम ‘दोनदोनने वाढणाऱ्या सम संख्या’ असा असता, तर ‘दोनदोनने वाढणाऱ्या संख्या’ असे मानणाऱ्याने ३, ५, ७ ही आपल्या नियमात बसणारीच मालिका विचारली असती आणि त्याला स्वच्छ नकार मिळाला असता. म्हणजे जिथे खरा नियम गृहीतकाच्या बाहेर पसरलेला असतो, तिथेच अनुकूल उदाहरणे कितीही तपासली तरी चूक उघडी पडत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की ‘तुम्ही फक्त अनुकूल उदाहरणे पाहिली’ हा आक्षेप स्वतःत पूर्ण नाही. कोणते उदाहरण पाहायला हवे होते आणि ते पाहिले असते तर निष्कर्ष कसा बदलला असता, हे सांगितल्यावरच तो पूर्ण होतो. दुसरी अशी की या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या प्रवृत्ती येतात: अनुकूल पुरावाच शोधणे, संदिग्ध पुरावा अनुकूल अर्थाने वाचणे, आणि प्रतिकूल पुरावा विसरणे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी शोधण्याची पद्धत बदलावी लागते. दुसऱ्यासाठी कशाला अनुकूल म्हणायचे आणि कशाला प्रतिकूल, हे पुरावा पाहण्याआधीच ठरवावे लागते. तिसऱ्यासाठी प्रतिकूल गोष्टींची लेखी नोंद ठेवावी लागते. ‘पूर्वग्रह’ एवढेच म्हटल्याने यांतले काय करायचे ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. असे प्रयोग अनेक माणसांच्या वागण्यातला कल दाखवतात. त्यावरून एका माणसाच्या एका विधानामागे तोच कल आहे असे निदान करता येत नाही, आणि समजा करता आले, तरी त्यामुळे ते विधान खोटे ठरत नाही. अनुकूल पुरावाच शोधणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे असू शकते. म्हणून हा शब्द दुसऱ्याच्या विधानावर निकाल देण्यासाठी फारसा कामाचा नाही. स्वतःची तपासणी कुठे अपुरी राहिली ते शोधण्यासाठी मात्र तो उत्तम आहे.

धूमाग्नी

संख्यारेखा यांनी केलेला भेद मला पटतो. आपल्याकडच्या न्यायपरंपरेतले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, शब्द या कामासाठी किती नेमके आहेत हे मी सांगू इच्छितो, कारण मराठीत ते अजून जिवंत आहेत आणि आपण त्यांचा पुरेसा उपयोग करत नाही.

या परंपरेत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य जाणून घेण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची बाजू पाडणे म्हणजे वितंडा. मराठीत आज ‘वाद’ म्हटले की भांडण डोळ्यांपुढे येते, तरी मूळचा भेद उपयोगाचा आहे, कारण तो माणसांविषयी नसून त्या वेळी चाललेल्या व्यवहाराविषयी आहे. अन्वेषक यांनी वर्णन केलेली शिक्के मारण्याची पद्धत पुष्कळदा वितंडेत मोडते: आक्षेप घेणारा ‘मग खरे काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला बांधील नसतो.

मात्र मला विशेष सांगायचे आहे ते ‘उपाधी’ या शब्दाविषयी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमानाचे नेहमीचे उदाहरण. ते उलटवून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असे म्हटले तर ते टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. मग अग्नीबरोबर धूर इतक्या वेळा का दिसतो? तर इंधन ओले असते म्हणून. हा ओल्या इंधनाचा संबंध म्हणजे उपाधी. अग्नी आणि धूर यांची जोडी बिनशर्त आहे असे आपल्याला वाटत होते. ती या अटीच्या आधाराने उभी होती. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ या वाक्याच्या तुलनेत या शब्दाचे मोठेपण असे आहे की तो वापरणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. ‘येथे उपाधी आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. नुसती शंका आणि उपाधी यांत हे शास्त्र फरक करते.

या भेदाचे महत्त्व दाखवणारे आधुनिक काळातले सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांविषयीचा वाद. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले, अमेरिकेतूनही त्याच सुमारास तसेच निष्कर्ष आले, आणि दोहोंतील संबंध स्पष्ट दिसू लागला. त्यावर दशकाच्या अखेरीस आक्षेप घेतला तो रोनाल्ड फिशर यांनी, म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाने. त्यांचे म्हणणे असे होते की एखादी आनुवंशिक प्रवृत्ती माणसाला धूम्रपानाकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. किंवा रोगाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील त्रासामुळेच माणूस धूम्रपानाकडे वळत असेल. आक्षेप तर्काला धरून होता आणि फिशर यांनी पर्यायी कारणाचे नावही सांगितले होते, म्हणजे तो पोकळ नव्हता.

त्याला मिळालेले एक उत्तर मला आदर्श वाटते. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रश्न विचारला: अशी लपलेली प्रवृत्ती आहे असे घटकाभर मानू, मग ती केवढी असावी लागेल? धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कर्करोगाचा धोका न करणाऱ्यांच्या नऊ पट असेल आणि तो सगळा त्या प्रवृत्तीमुळेच असेल, तर ती प्रवृत्ती धूम्रपान करणाऱ्यांमध्ये निदान नऊ पट अधिक प्रमाणात आढळली पाहिजे, हे त्यांनी गणिताने दाखवले. इतका प्रबळ घटक कोणी दाखवू शकले नव्हते. म्हणजे ‘तिसरा घटक असू शकतो’ हे विधान त्यांनी नाकारले नाही. त्यांनी त्याला माप लावले. सूचीतल्या नोंदीत हे माप लावण्याचे पाऊल आले पाहिजे, नाहीतर अत्यंत बुद्धिमान माणूससुद्धा बरोबर शब्द वापरून चुकीच्या बाजूला उभा राहू शकतो.

अन्वेषक

दोघांचेही मनापासून आभार. ‘कोणते उदाहरण?’, ‘कोणती उपाधी?’, ‘केवढी?’ असे प्रश्न नोंदीतच घालता येतील हे लक्षात आले. संभाव्यतेशी निगडित शब्दांचे मात्र अजून काही सुचत नाही. ‘मूळ प्रमाण’, म्हणजे एखादी गोष्ट एखाद्या गटात मुळातच किती प्रमाणात आढळते ते, ज्याला अनेक जण बेस रेट म्हणतात, हा शब्द आमच्या सूचीत आहे, पण त्याचे उदाहरण वैद्यकीय चाचणीचे द्यावे की दुसरे कशाचे, यावर एकमत होत नाही. शिवाय ‘बहुधा’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असे रोजचे शब्द सूचीत घ्यावेत का?

अनुमिती

चाचणीचेच उदाहरण द्यावे, कारण ते पूर्णपणे मोजून दाखवता येते. १९७८ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांना पुढील प्रश्न विचारण्यात आला होता. एक रोग हजारात एकाला आहे. त्याच्या चाचणीत निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांनाही चुकून ‘रोग आहे’ असा निकाल मिळतो. तर असा निकाल मिळालेल्या माणसाला, त्याच्याविषयी दुसरे काहीही माहीत नसताना, खरोखर रोग असण्याची शक्यता किती? ६० पैकी २७ जणांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. बरोबर उत्तर सुमारे २ टक्के आहे आणि ते फक्त ११ जणांनी दिले.

टक्केवारी सोडून माणसे मोजली की हे उत्तर सहज दिसते. हजार माणसे घ्या. त्यांत रोगी एक. चाचणी त्याला अचूक पकडते असे धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांना चुकीचा निकाल मिळेल. एकूण ५१ जणांच्या हाती ‘रोग आहे’ असा कागद येईल आणि त्यांपैकी खरा रोगी एकच असेल. गेर्ड गिगेरेंझर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवले की असे प्रश्न टक्क्यांऐवजी मोजलेल्या माणसांच्या रूपात मांडले तर बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण बरेच वाढते. तुमच्या नोंदीत सूत्र न देता ही मोजणीच द्यावी असे मी आग्रहाने सुचवतो.

आता या शब्दाच्या गैरवापराविषयी, कारण तोही होतो. ‘मूळ प्रमाण पाहा’ असे म्हणून समोरचा विशिष्ट पुरावा झटकून टाकणारे लोक आहेत. वरच्या उदाहरणात माणूस हजारातून कोणताही उचललेला होता. प्रत्यक्षात डॉक्टरकडे येणारा माणूस बहुधा काहीतरी त्रास होत असल्यामुळे आलेला असतो. असा त्रास असणाऱ्यांत दहात एकाला तो रोग असतो असे समजा, आणि चाचणी तीच ठेवा. हजारांत १०० रोगी, ९०० निरोगी, त्यांपैकी ४५ जणांना चुकीचा निकाल. म्हणजे १४५ पैकी १०० खरे रोगी, सुमारे ६९ टक्के. चाचणी तीच, कागदावरचा निकाल तोच, आणि उत्तर २ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेले. फरक पडला तो ‘मूळ प्रमाण कोणाचे?’ या प्रश्नाच्या उत्तराने. माणूस एकाच वेळी अनेक गटांत मोडतो आणि कोणता गट घ्यायचा हे गणित सांगत नाही. ते कारण देऊन ठरवावे लागते. म्हणून ‘मूळ प्रमाण’ हा शब्द ज्याने उच्चारला त्याने गटाचे नाव सांगायला हवे, आणि तोच गट का निवडला हेही.

मेघमापक

‘बहुधा’ आणि ‘शक्यता नाकारता येत नाही’ यांना सूचीत जरूर जागा द्या. माझ्या मते विचारातली सर्वांत जास्त धूसरता मोठ्या पारिभाषिक शब्दांमुळे येत नाही, ती या छोट्या शब्दांमुळे येते.

शेरमन केंट हे अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेत विश्लेषणाचे काम पाहत होते. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने एक अहवाल तयार केला, आणि त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे त्यात म्हटले. अहवाल वाचणाऱ्या एका अधिकाऱ्याने ‘गंभीर शक्यता’ म्हणजे किती, असे केंट यांना विचारले. त्यांनी स्वतःच्या मनातले उत्तर दिले: १०० पैकी सुमारे ६५. अधिकाऱ्याला याचे आश्चर्य वाटले, कारण त्याने ती शक्यता बरीच कमी समजली होती. मग केंट यांनी तो अहवाल ज्यांनी मिळून लिहिला आणि ज्या शब्दयोजनेला सर्वांनी संमती दिली, त्या सहकाऱ्यांनाच तोच प्रश्न विचारला. उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. एका वाक्यावर सर्वांचे एकमत झाले होते आणि त्या वाक्याच्या अर्थावर मात्र झालेले नव्हते. पुढे १९६४ मध्ये त्यांनी या विषयावर सविस्तर लिहिले आणि अशा शब्दांना ठरावीक टक्केवारी जोडावी अशी सूचना केली.

संख्या सांगण्याचा मोठा लाभ असा की ती नंतर तपासता येते. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी एक मोजमाप सुचवले. आज रूढ असलेल्या त्याच्या सोप्या रूपात, सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्ट (घडली तर १, न घडली तर ०) यांतील फरकाचा वर्ग करतात आणि अनेक अंदाजांची सरासरी काढतात. ‘पाऊस पडण्याची शक्यता ९० टक्के’ म्हटले आणि पाऊस पडला, तर गुण ०.०१, पडला नाही तर ०.८१. गुण जितके कमी तितका अंदाज चांगला. दरवेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात, म्हणजे काहीच न सांगण्याची किंमतही यात ठरलेली आहे. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्याला असे गुण देता येत नाहीत, कारण पाऊस पडला काय किंवा न पडला काय, ते बरोबरच राहते.

याचा अर्थ प्रत्येक वाक्यात टक्केवारी घालावी असा नाही. तसे लेखन वाचवणारही नाही. मात्र ज्या विधानावरून कोणी काही निर्णय घेणार आहे, त्यातल्या ‘बहुधा’ला एक संख्या किंवा निदान दोन संख्यांमधली जागा दिली जावी. नोंदीत तुम्ही ‘कदाचित’, ‘शक्यतो’, ‘बहुतेक’, ‘बहुधा’, ‘जवळजवळ निश्चित’ हे शब्द चढत्या क्रमाने लावून पाहा आणि आपल्या गटातल्या प्रत्येकाकडून त्यांच्यापुढे आकडा लिहून घ्या. उत्तरांमधला फरक हीच त्या नोंदीची उत्तम प्रस्तावना होईल.

पूर्वपक्षी

वरील सर्व मांडणीत मला एक धोका दिसतो, तो नोंदवतो. प्रत्येक शब्द वापरताना लांब स्पष्टीकरण द्यायचे ठरवले, तर पारिभाषिक शब्द हवेतच कशाला? अशा शब्दांचे कामच मुळी थोडक्यात सांगणे हे आहे. ज्यांची समान तयारी झालेली आहे अशा दोघांमध्ये ‘येथे अन्योन्याश्रय आहे’ एवढे म्हणणे पुरेसे असते. पहिली गोष्ट दुसरीच्या आधारावर आणि दुसरी पहिलीच्या आधारावर उभी केली आहे, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते आणि तो स्वतःच युक्तिवाद उघडून पाहतो. आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था हे चार शब्द तर इतके सुटसुटीत आहेत की प्रत्येकासाठी एक वाक्य पुरते: स्वतःचाच आधार घेणारे विधान, एकमेकांचा आधार घेणारी दोन विधाने, तीन किंवा अधिक विधानांचे वर्तुळ, आणि आधाराला आधार शोधत कुठेच न थांबणारी मालिका. येथे कोणी ‘शिक्का मारला’ अशी तक्रार करत नाही.

तेव्हा दोष थोडक्यात बोलण्यात नसून शब्द कशाकडे बोट दाखवतो यात आहे, असे मला वाटते. अन्योन्याश्रय, उपाधी, साध्यसम (जे सिद्ध करायचे त्याच्याइतकेच स्वतः असिद्ध असलेले कारण) हे शब्द युक्तिवादातल्या एका जागेकडे बोट दाखवतात. ती जागा दोघांनाही दिसते, आणि आक्षेप चुकीचा असेल तर तोही तिथेच दाखवून देता येतो. पूर्वग्रह, हितसंबंध, अहंकार हे शब्द बोलणाऱ्याच्या मनाकडे बोट दाखवतात, आणि तिथे डोकावून खात्री करून घेण्याची सोय कोणालाच नाही. सूचीचे दोन भाग करावेत आणि दुसऱ्या भागातल्या शब्दांची शिफारस प्रथमपुरुषी एकवचनासाठीच करावी.

‘खंडनीयता’ही, म्हणजे एखादे विधान चुकीचे असेल तर निरीक्षणाने तसे दाखवता येण्याची सोय, तुमच्या सूचीत येईलच, म्हणून थोडक्यात सांगतो. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये हा निकष वैज्ञानिक विधाने इतर विधानांपासून वेगळी काढण्यासाठी मांडला. ‘खंडन करता येत नाही, म्हणजे ते खोटे आहे’ किंवा ‘निरर्थक आहे’ असे त्यांनी म्हटलेले नाही. शिवाय एक प्रतिकूल निरीक्षण आले की सिद्धान्त लगेच फेकून द्यायचा, असेही विज्ञानात घडत नाही. युरेनसची गती न्यूटनच्या नियमांशी जुळत नव्हती. तेव्हा नियम न टाकता एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली गेली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या गतीतल्या विसंगतीसाठीही तोच मार्ग अवलंबून सूर्याजवळ एक ग्रह कल्पिला गेला. तो मात्र कधीच सापडला नाही आणि अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताने तिचे स्पष्टीकरण दिले. दोन्ही वेळी पाऊल एकच होते. ‘खंडन झाले’ हा शब्द कधी उच्चारायचा हे त्यामुळे वाटते तितके सोपे नाही, आणि नोंदीत ही दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवावीत.

अन्वेषक

पूर्वपक्षी यांनी सुचवलेली विभागणी आम्ही स्वीकारतो. तिच्यामुळे सूचीची रचनाच बदलेल. सर्वांच्या सूचना एकत्र करून एका शब्दाची नोंद नमुन्यादाखल लिहून पाहिली आहे. कृपया तपासावी.

‘उपाधी: दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसण्यामागे असलेला तिसरा घटक. कोणता दोष दाखवतो: दोन गोष्टींचा संबंध बिनशर्त मानला, पण तो एका अटीवर अवलंबून आहे. वापरणाऱ्याने काय सांगावे: तो घटक कोणता, तो नसताना संबंध तुटतो असे एखादे उदाहरण, आणि दिसणारा सर्व संबंध त्याच्यामुळेच आहे असे म्हणायचे असेल, तर तो केवढा प्रबळ असावा लागेल. केव्हा वापरू नये: घटकाचे नाव सांगता येत नसेल तेव्हा, त्या वेळी ‘मला शंका आहे’ एवढेच म्हणावे. उदाहरण: अग्नी आणि धूर यांच्यातील ओले इंधन, धूम्रपान आणि कर्करोग यांविषयी फिशर यांनी सुचवलेली आनुवंशिक प्रवृत्ती, आणि तिला कॉर्नफिल्ड यांनी लावलेले माप.’

धूमाग्नी

नोंद चांगली झाली आहे. विशेषतः ‘मला शंका आहे’ असे म्हणण्याची मुभा स्वतंत्रपणे नोंदवली हे योग्यच झाले, कारण शंका हीदेखील चर्चेतली प्रामाणिक जागा आहे आणि ती घेणाऱ्याला उपाधीचे नाव सुचेपर्यंत गप्प बसावे लागू नये.

दोन दुरुस्त्या सुचवतो. पहिली व्याख्येतली. ‘तिसरा घटक’ एवढ्याने उपाधीची ओळख पटत नाही, कारण कोणत्याही दोन गोष्टींच्या आसपास अनेक तिसरे घटक असतात. परंपरेने दोन अटी घातल्या आहेत: जे सिद्ध करायचे आहे त्याच्याबरोबर उपाधी नेहमी असली पाहिजे, आणि ज्या हेतूवरून, म्हणजे ज्या कारणावरून किंवा खुणेवरून, आपण ते सिद्ध करतो त्याच्याबरोबर ती नेहमी असता कामा नये. धूर असेल तिथे ओले इंधन असतेच, पण अग्नी असेल तिथे ते असतेच असे नाही. म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करताना ओले इंधन ही उपाधी ठरते. उलट दिशेने, म्हणजे धुरावरून अग्नीचे अनुमान करताना, ती उपाधी ठरत नाही, कारण ओल्या इंधनाशिवायही अग्नी असतो आणि पहिलीच अट मोडते. घटक तोच राहिला, पण अनुमानाची दिशा बदलताच त्याची भूमिका बदलली. हे नोंदीत आले नाही तर वाचणारा कोणत्याही अनुमानावर ओल्या इंधनाचा आक्षेप घेऊ लागेल.

दुसरी दुरुस्ती उदाहरणांतली. न्यायशास्त्रातली उपाधी ‘नेहमी’ आणि ‘नेहमी नाही’ या भाषेत बोलते. फिशर आणि कॉर्नफिल्ड यांचा वाद ‘किती पट’ या भाषेतला आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा कर्करोग होतो आणि करणाऱ्या सर्वांना होत नाही, म्हणून तिथे काटेकोर अर्थाची व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते नेहमीच’ असा अपवादरहित संबंध, मुळातच नाही. दोन्ही उदाहरणे अवश्य ठेवा, पण दुसऱ्याच्या आधी ‘म्हणजेच’ न लिहिता ‘याच्याशी मिळतीजुळती संख्याशास्त्रातली कल्पना’ असे लिहा, आणि ‘केवढा प्रबळ’ हा प्रश्न फक्त त्या दुसऱ्या उदाहरणाखाली घ्या. पहिल्याला माप लावण्याची गरज नाही. तिथे तापलेल्या लोखंडाचा एक गोळा दाखवला की पुरे.